अभ्यासिकेचं नेट नेमकं कुठं जातंय?

प्रश्न : सर, चोपड्यात माझी अभ्यासिका आहे, तीस मुलं बसतात. ५० एमबीपीएसचं फायबर आहे, तरी संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ अडकतात. कोण किती नेट वापरतं ते पाहायला विंडोज लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. पण त्यात माझ्याच लॅपटॉपचा ट्रॅफिक दिसतो. इन्स्टॉल करताना काही चुकलं का?

उत्तर : ताई, इन्स्टॉल बरोबर झालंय. नेटवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, विंडोजवर पकडून देण्याचं काम एनपीकॅप नावाचं जोडसॉफ्टवेअर करतं. ते बसलं नसतं, तर वायफायचं नाव यादीत आलंच नसतं. अडचण आहे ती लॅपटॉप लावलाय त्या जागेची.

केळीच्या बागेला पाणी कमी पडलं, तर एका नळीचा ड्रिपर बघून सगळ्या बागेचा हिशेब लागत नाही, मीटर मेन लाइनवर लावावं लागतं. इथंही तसंच. स्विच, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणारा डबा, ज्याचं पॅकेट त्याच्याच पोर्टला (केबलच्या खाचेला) देतो. वायफायवर प्रत्येकाचा ट्रॅफिक वेगळ्या किल्लीनं बंद असतो. त्यामुळे तुमच्या लॅपटॉपला शेजारच्या मुलाचं काही दिसणार नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. धरणगावजवळच्या एका जिनिंगच्या ऑफिसात ऐन हंगामात नेट रडत होतं. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरशेजारी बसून मी दोन तास ट्रॅफिक पाहिला, काही सापडलं नाही, आणि मालकांना दुसरी लाइन घ्यायला लावली. आठवडाभरानं मेन लाइनवर पाहिलं तेव्हा कळलं, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर दिवसभर चित्रण बाहेर पाठवत होता. अपलोड भरलं की डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक डाउनलोडची पोच वर जावी लागते. मालकांचा तो खर्च मला अजून सलतो, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तुम्ही असं करा. पोर्ट मिररिंगची (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्या पोर्टवर देण्याची) सोय असलेला छोटा स्विच घ्या, साधा स्विच चालणार नाही. राउटरची केबल ज्या पोर्टमध्ये येते, त्याचा आरसा दुसऱ्या पोर्टवर धरा आणि लॅपटॉप तिथं केबलनं जोडा. आता एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. कंपनीनं दिलेल्या राउटरचंच वायफाय मुलं वापरत असतील, तर त्यांचा ट्रॅफिक स्विचवर येतच नाही. ते वायफाय बंद करा आणि वेगळा ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) स्विचला जोडा.

मग वायरशार्कमध्ये वायफायऐवजी इथरनेट निवडा. त्याआधी ऑप्शन्समध्ये जा. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली, तर दहा मिनिटांत पावणेचार जीबीची फाइल होते. म्हणून १०० एमबीच्या दहा फाइल्सचा रिंग बफर लावा, जुनी फाइल आपोआप पुसली जाते. स्नॅपलेन १२८ ठेवा. प्रत्येक पॅकेटचा फक्त पुढचा भाग साठतो, मोजणी मात्र पूर्ण आकाराचीच होते.

सात ते साडेसात पकडा. नंतर शेवटच्या फाइल्स उघडून स्टॅटिस्टिक्समधल्या एंडपॉइंट्समध्ये आयपीव्ही४ पाहा, तिथं प्रत्येक यंत्राचा नेटवरचा पत्ता म्हणजे आयपी दिसतो, बाइट्सवर क्लिक केलं की सर्वांत जास्त वापरणारा वर येतो. टीएक्स म्हणजे त्या यंत्रानं पाठवलेलं. तो रकानाही पाहा, नुसत्या डाउनलोडकडे बघू नका. कोणता आयपी कुणाचा, हे राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडेल. आणि पहिला संशय मुलांवर घेऊ नका. कॅमेरा, विंडोजचे अपडेट, एखाद्या फोनचा फोटो बॅकअप, हे आधी तपासा.

मोजणी सुरू करण्यापूर्वी मुलांना सांगा, दारावर कागद लावा. एचटीटीपीएसमुळे (साइटचा मजकूर कुलूपबंद पाठवायची पद्धत) मजकूर वाचता येत नसला, तरी कोण कोणत्या साइटवर गेलं ते डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या, विचारणांतून बऱ्याचदा कळतं. स्पर्धा परीक्षेचं पोर काय शोधतं, हा त्याचा खासगी मामला आहे. आकडे वहीत उतरवले की त्या फाइल्स त्याच रात्री पुसून टाका.