मराठवाड्यात राहून चित्रकाराची नजर तयार होते का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. तुम्ही म्हणता, परभणी जिल्ह्यात ना समुद्र, ना धबधबे, वर्षातले आठ महिने सगळं करडं. मग इथे सौंदर्य शोधायचं कुठे? सर्जनशीलता अंगातच असावी लागते का? आणि पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होतं का?

मी जालन्याकडचा. चित्रं काढतो आणि शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे पहिला प्रश्न मला रोज भेटतो. एलिमेंट्रीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांना निसर्गचित्र काढा म्हटलं की कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उगवतात, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर नारळाचं झाड. वर्गाच्या खिडकीबाहेर कडुलिंब उभा असतो, त्याच्या खोडाला मुंग्यांची रांग लागलेली असते, तिकडे कुणी बघत नाही. या मुलांचा हात चांगला असतो. फक्त सुंदर काय, हे त्यांना कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं. मला वाटतं तुमचंही तेच झालंय, आणि त्यात तुमचा दोष नाही.

मी जे मानतो ते आधीच सांगून टाकतो. सौंदर्य समोर तयार असतं आणि आपण ते कागदावर उतरवतो, असं होत नाही. हात चालायला लागला की ते दिसायला लागतं.

नुकत्याच नांगरलेल्या काळ्या रानातलं एक ढेकूळ घ्या. रंगवायला बसलात तर पहिल्यांदा हात काळ्या ट्यूबकडे जातो, आणि तो काळा लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. मग ढेकळाकडे नीट बघावं लागतं. फाळाने कापलेली बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर आभाळ उतरतं, ती जवळजवळ निळी दिसते. तुटलेली बाजू खडबडीत, तांबूस तपकिरी, मधेच ज्वारीच्या धसकटाचा पांढरट तुकडा. दुपारपर्यंत वरचा थर वाळून राखेसारखा होतो, पण सावलीत ओल टिकलेली असते. मी हा रंग बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून काढतो. कापलेल्या बाजूला निळा जास्त, तुटलेल्या बाजूला सिएना जास्त. दोन रंग ओल्या कागदावर एकमेकांत शिरतात तेव्हा जे करडं तयार होतं, त्यात इतक्या छटा असतात की ‘आमच्याकडे सगळं करडं’ ही तक्रार मला कौतुकासारखी ऐकू येते.

या दोन रंगांवर थोडं थांबतो. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली, लोह असलेली माती. आपल्या गेरूचीच भावकी. अल्ट्रामरीन आज कारखान्यात बनतो, पण मुळात तो लाजवर्द नावाचा निळा दगड कुटून काढत. अजिंठ्यात हेच दोन्ही आहेत. तिथल्या कारागिरांनी बेसाल्टच्या भिंतीवर माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवून गिलावा केला, त्यावर पांढरा पातळ थर दिला आणि वाळलेल्या पृष्ठभागावर रंगवलं. लाल आणि पिवळा लोहयुक्त मातीचा, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती, काळा दिव्याच्या काजळीचा, हिरवा बेसाल्टमध्येच सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. लांबून आणावा लागला तो निळा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. म्हणजे पाचव्या शतकातल्या त्या चित्रांचा जवळपास सगळा रंगसंच याच दख्खनच्या मातीतला आहे. ज्या जमिनीला आपण रंग नाही म्हणतो, तिच्यातूनच अजिंठ्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची कांती आली.

रंग कसे दिसतात यापेक्षा आपण किती जवळ जातो, यावर बरंच अवलंबून असतं. जानेवारी-फेब्रुवारीत करडईचं शेत एसटीच्या खिडकीतून एक पिवळा पट्टा वाटतं. बांधावर उतरून बघा. ताजं फूल पिवळं, वाळत चाललेलं केशरी, वाळलेलं तांबडं, आणि तिन्ही एकाच झाडावर. या पाकळ्यांपासूनच पूर्वी कुसुंबी रंग काढून कापड रंगवत. काट्यांमुळे त्या शेतात घुसता येत नाही, बाहेर बसूनच काढावं लागतं. ते बरंच आहे, नाहीतर आपण सगळं एका चित्रात कोंबायला जातो.

आता एक अवघड गोष्ट. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरभोवती घागरींच्या रांगा लागायच्या. प्लॅस्टिकच्या घागरी: भगव्या, निळ्या, पोपटी, पांढऱ्या मातीवर एकामागे एक. चित्रकाराचा डोळा आधी ते रंगच टिपतो, आणि त्याच क्षणी काळजात कळ येते, कारण त्या रांगेत ओळखीच्या बायका उन्हात उभ्या असतात. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण एक नक्की: भेगाळलेली जमीन आणि कपाळावर हात ठेवलेला म्हातारा हे चित्र प्रदर्शनात लगेच नजरेत भरतं, आणि मी ते काढत नाही. त्यात माणूस नसतो, फक्त दुष्काळाचं चिन्ह असतं. भरलेली घागर कमरेवर घेताना बाईचा खांदा एका बाजूला झुकतो, दुसरा हात तोल सांभाळायला लांब जातो, त्या हाताची रेषा जमली तर त्या बाईचं काहीतरी कागदावर येतं. सौंदर्य आणि हालअपेष्टा एकाच जागी असू शकतात. त्यातलं एक लपवून दुसरं काढलं की चित्र खोटं पडतं.

दुसरा प्रश्न सर्जनशीलतेचा. अंगात काय असतं, कुणाच्या असतं, याचा विचार मी मुलांना करू देत नाही, कारण त्यात वर्षं जातात. त्याऐवजी अजिंठ्याच्या लेणं क्रमांक १ मधली हरणं बघायला सांगतो. खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. ज्या धडाकडे बघाल, ते डोकं त्याचंच वाटतं. त्या शिल्पकाराला खांबावरची ठरलेली, लहानशी जागा मिळाली होती. ती अडचण नसती तर ही कल्पना सुचली असती असं मला वाटत नाही. म्हणून मी पोरांना मोठा कागद आणि चोवीस रंग देण्याऐवजी वहीचं पान आणि दोन रंग देतो. आधी कुरकुर होते, मग ते रंग मिसळायला लागतात, आणि तिथून पुढे त्यांना माझी फारशी गरज उरत नाही.

नक्कल करायलाही लाजू नका. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो पुन्हा कामाला लागला. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधले विद्यार्थी घेऊन तेच काम केलं, आणि त्यातलाही बराच भाग १८८५ साली लंडनमध्येच जळाला. पण ज्या पोरांनी त्या अंधारात बसून रेषेमागून रेषा ओढली, त्यांच्या हातात जे आलं ते कुठल्या आगीत गेलं नसणार.

राहिला पुण्या-मुंबईचा प्रश्न. परवडत असेल तर जा. समोर माणूस बसवून रेखाटन करायला मिळतं, मूळ चित्रं बघायला मिळतात, बरोबरीची मुलं चुका तोंडावर सांगतात. एकट्याने घरी बसून यातलं काही होत नाही. शासकीय कला महाविद्यालय संभाजीनगरलाही आहे, तिथून अजिंठा आणि वेरूळ दोन्ही गाठता येतात, म्हणून मी तर आधी तेच सुचवेन. पण प्रवेश मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. घराजवळचं एकच झाड किंवा एकच बांध निवडा आणि ऋतू बदलेल तसा तोच काढत राहा.

आणि अजिंठ्याला एकदा चित्रकार म्हणून जा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने वर जावं लागतं. सकाळी पहिल्या बसने गेलात तर गर्दीच्या आधी पोचाल. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. जिथे रंग उडालाय तिथे मुद्दाम बघा, खाली गेरूने मारलेली पहिली रेषा दिसते आणि त्या माणसाचा हात कसा फिरला ते कळतं. फ्लॅश चालत नाही, वही आणि पेन्सिल न्या. सोमवारी लेणी बंद असतात.