साप भाच्याचा, पण घर तुमचं

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं सुट्टीत त्याचा पाळलेला साप काचेच्या पेटीसकट माझ्याकडं ठेवला. 'बॉल पायथन' आहे, 2023 मध्ये घेतलाय, विषारी नाही, असं तो सांगतो. परवा सकाळी झाकण सरकलेलं दिसलं आणि पेटी रिकामी. वनखात्याला कळवलं तर मीच अडकेन का? वरच्या मजल्यावरचे पोलिसांत जायची भाषा करतात. गुपचूप एखाद्या सर्पमित्राला बोलवू का?

उत्तर: ताई, गुपचूप काहीच करू नका. आधी भाच्याकडून दोन गोष्टी मागवून घ्या, सापाचा स्वच्छ फोटो आणि खरेदीचा कागद. सगळं प्रकरण या दोहोंवर फिरतं.

साप खरोखर बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर असेल, तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत येतो. असा प्राणी पाळायला बंदी नाही, पण नोंदणी लागते. 28 फेब्रुवारी 2024 चे नियम आल्यावर जुन्या मालकांना केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. ती केली नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण विकणाऱ्यानं परदेशी म्हणून आपलाच अजगर गळ्यात मारला असेल, तर गोष्टच वेगळी. तो पहिल्या अनुसूचीतला, तिथं शिक्षा किमान तीन वर्षं, वर सातपर्यंत. म्हणून फोटो जाणकाराला दाखवल्याशिवाय 'बॉल पायथन' हा शब्द कुठल्याही अर्जात ठामपणे लिहू नका. 'भाच्याच्या सांगण्यानुसार' असं लिहा.

आता तुमची खरी भीती. ती अगदीच खोटी नाही. साप भाच्याचा असला तरी तो तुमच्या घरात, तुमच्या ताब्यात होता. अनुसूचीतला वन्यप्राणी ताब्यात असल्याचं सिद्ध झालं, की ताबा बेकायदा नव्हता हे दाखवायची जबाबदारी याच कायद्याचं कलम 57 आरोपीवर टाकतं. पण म्हणूनच गप्प बसणं महागात पडेल. उद्या तो साप शेजारच्या न्हाणीघरात निघाला, तर लपवलं कुणी, हाच पहिला प्रश्न येईल. आजच 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा आणि वनक्षेत्रपालांच्या नावे चार ओळींचा अर्ज देऊन पोच घ्या. साप कुणाचा, कधीपासून तुमच्याकडं, कधी दिसेनासा झाला, एवढंच. पुढं सविस्तर जबाबाला बोलावलं तर वकील घेऊन जा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण वन अधिकाऱ्यापुढच्या जबाबाला तो नियम आपोआप लागू होत नाही. हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. सर्पमित्र हवा तर वनविभागाच्या माहितीतलाच घ्या. साप पकडणं हीदेखील वन्यजीव कायद्याच्या भाषेत 'शिकार' आहे. शेजारच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीचे जिवंत नागांचे खेळ थांबले ते याच कायद्यामुळं.

वरच्या मजल्यावरच्यांचं फार मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजी राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं खरं, पण त्यासाठी जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका दिसायला हवा. बिनविषारी, चार-पाच फुटांच्या सापाबाबत ते सिद्ध करणं अवघड आहे. तरी त्यांना स्वतः जाऊन सांगा, आणि काठी घेऊन मागं लागू नका, हेही सांगा.

वनविभागाची माणसं येईपर्यंत दारांच्या फटी जुन्या साड्यांनी बुजवा, रात्री उंबऱ्यापाशी तांदळाचं पीठ पसरा. सरपटल्याची रेघ उमटली तर खोली कळेल. हा साप अंधारी, उबदार, अंगाला घट्ट बसेल अशी जागा शोधतो. त्यामुळं फ्रिजच्या मागं, कॉम्प्रेसरजवळ, आधी टॉर्च मारा. पेटी धुऊन माळ्यावर टाकू नका, आहे तशी राहू द्या. भाच्याला मात्र आजच्या गाडीनं बोलवा. अर्जावर दुसरी सही त्याची हवी.