स्कॉलरशिप की धंदा? आणि त्या वाक्यातला ‘च’

जून आला की माझ्याकडे एक प्रश्न ठरल्यासारखा येतो आणि तो जोडीनंच येतो. "मॅडम, बाहेर शिकायला जायचंय पण घरची परिस्थिती नाही, स्कॉलरशिप कशी शोधायची? आणि नाहीच जमलं तर कमी भांडवलात कुठला धंदा करू?" एका श्वासात दोन्ही. गेल्या महिनाभरात पाच जणांनी विचारलं, त्यातल्या एकीनं तर माझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकच्या जिन्यातच गाठून. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, आणि लिहायचं तर त्या इचलकरंजीच्या पोरीबद्दल लिहावं. तिला विचारलंय, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात, नाव तर देतच नाही.

दीड वर्षापूर्वी नोव्हेंबरात आली. वय चोवीस, फूड टेक्नॉलॉजी केलेली, एका बेकरीत क्वालिटीचं काम बघायची, पगार बारा हजार. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढं धरला. एक्सेलची फाईल, दोन शीट. पहिल्यात ४३ स्कॉलरशिप, दुसऱ्यात "दहा हजारांत सुरू होणारे ५० व्यवसाय". देशाप्रमाणे रंग दिलेले, लिंका लावलेल्या. आठ महिने रात्री जागून केलेलं काम.

"यातले फॉर्म किती भरलेस?"

"अजून एकही नाही मॅडम. आधी सगळी माहिती गोळा करून घेते."

मी शीट वर-खाली करून बघितलं. नाव होतं, देश होता, रक्कम होती, लिंक होती. शेवटची तारीख कुठंच नव्हती. मला ती यादी यादी वाटलीच नाही, जपमाळ वाटली. रोज रात्री ओढायची, बरं वाटतं, झोप लागते.

पुढच्या वेळी मात्र मी माती खाल्ली. या विषयाची माहिती मला बरी आहे आणि ती दाखवायचा मोह झाला, मग काय, पाऊण तास मीच बोलत होते, ही योजना अशी, ती तशी, ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा म्हणजे २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्सला तीन वर्षांचा, आणि पोरगी मान हलवत लिहून घेत होती. घरी जाऊन तिनं यादीत आणखी सहा नावं वाढवली आणि तीन आठवडे आलीच नाही. भुकेल्याला जेवण द्यावं हे खरं, पण हिला भूक नव्हतीच, अजीर्ण झालं होतं. ते मला उशिरा कळलं.

ती परत आली तेव्हा मी फक्त लाल पेन दिलं. "आज काही शोधायचं नाही. ज्यात तू बसतच नाहीस ते खोडायचं." प्रिंट काढून आणायला सांगितली होती, कारण मोबाईलवर डिलीट करण्यात ती मजा नाही. पीएचडीसाठीच्या गेल्या. वयाच्या अटीत न बसणाऱ्या गेल्या. अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, या दोन्ही तिच्या प्रवर्गासाठी नव्हत्या, तरी यादीत होत्या. ती एसबीसीमधली (विशेष मागास प्रवर्ग), म्हणजे तिला राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती बघायची होती, आणि नेमकी तीच यादीत नव्हती. का? तर ती इन्स्टाच्या रीलमध्ये येत नाही.

इथं एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगते, कारण शंभरातल्या नव्वद जणांचं इथंच अडतं. पोरं म्हणतात आधी स्कॉलरशिप मिळू दे, मग युनिव्हर्सिटीला अर्ज करतो. आपल्या राज्याच्या योजनांमध्ये उलटं आहे. आधी प्रवेशाचं पत्र हातात, तेही बिनशर्त, आणि ती युनिव्हर्सिटी क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये ठरलेल्या आकड्याच्या आत, मग तुमचा अर्ज. अटी मधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात वाचा, मित्राच्या मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जाऊ नका. आणि कोणी "स्कॉलरशिप काढून देतो, प्रोसेसिंग फी एवढी" म्हणाला तर तिथून उठा. सरकारी योजनेला एजंट नसतो, चेव्हनिंगचा फॉर्म भरायलाही पैसे पडत नाहीत.

तर ४९ पैकी सात उरल्या. मला वाटलं आता रडेल. उलट खांदे खाली आले तिचे. पाणी मागितलं, ग्लासभर प्यायली. इतक्या भेटींत पहिल्यांदा. आशा जास्त झाली तरी माणूस जागचा हलत नाही, ही गोष्ट मी पुस्तकात नाही, त्या दिवशी शिकले.

पण सातवर येऊनही गाडी पुढं जाईना. पुढच्या वेळी मी म्हटलं, डोक्यात जे चाललंय ते एका वाक्यात लिही, चांगलं दिसायला नको, खरं पाहिजे. बराच वेळ पेनचं टोपण चावत बसली. मग लिहिलं, "मला फुल स्कॉलरशिपच मिळालीच पाहिजे, नाहीतर बाबांनी विकलेले माग फुकट गेले."

तेव्हा कळलं की हिच्या शिक्षणाच्या वेळी वडिलांनी सहापैकी चार यंत्रमाग विकले होते. हे ती आजवर बोलली नव्हती, मीही विचारलं नव्हतं.

मी कागद तिच्याकडे वळवला आणि ‘स्कॉलरशिपच’मधल्या ‘च’वर बोट ठेवलं. "वाच."

"मला फुल स्कॉलरशिप मिळालीच पाहिजे."

दुसऱ्या ‘च’वर दुसरं बोट. "आता?"

"मला फुल स्कॉलरशिप मिळाली पाहिजे."

आणि गप्प. पंखा फिरत होता, खाली केएमटीची बस गेली, मी काही बोलले नाही (न बोलायला मला खूप वर्षं लागलीत). दोन्ही बोटं तशीच कागदावर. आणि मग ती एकदम म्हणाली, "म्हणजे मॅडम, अर्धी चालेल?"

"मला विचारतेस?"

"नाही. चालेल. अर्धी चालेल की!" आणि हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, टिश्यूचा डबा मी पुढं सरकवला तर म्हणाली राहू दे, रुमाल आहे.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं काम करणारी आहे, ते लपवत नाही. त्या माणसानं १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये हेच मांडायला सुरुवात केली, की परिस्थिती जेवढं छळत नाही तेवढा आपला हट्ट छळतो. त्याला त्यासाठी ‘मस्ट’ हा अख्खा शब्द लागायचा, आपल्या मराठीत एक अक्षर पुरतं. वीस वर्षं झाली मी लोकांच्या बोलण्यातले ‘च’ मोजतेय, आता तर सवयच लागलीय, नवरा म्हणतो घरी तरी मोजू नकोस.

‘च’ गेल्यावर काय झालं ते बघा. तिनं यादी करतानाच "फुली फंडेड" नसलेलं सगळं गाळलं होतं. आता तीच दारं उघडली. जे. एन. टाटा एन्डाउमेंट तिनं "हे तर कर्ज आहे" म्हणून सोडली होती. मी म्हटलं, आहेच कर्ज, लोन स्कॉलरशिप म्हणतात त्याला, फेडायचं असतं. जमशेटजींनी १८९२ मध्ये ती सुरू केली आणि पहिल्या दोन स्कॉलरपैकी एक कोण, तर आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर. त्यांना कर्ज चाललं, तुला का चालू नये? याच्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

जर्मनीचंही तसंच. रील सांगतात जर्मनीत शिक्षण फुकट. बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही हे खरं, पण तिला आवडलेलं होहेनहाइम विद्यापीठ ज्या राज्यात आहे तिथं युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, आणि कुठंही जा, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते आपलेच पैसे, महिन्याला थोडे थोडे परत मिळतात, पण आधी आणायचे कुठून हे रीलवाला सांगत नाही. याउलट युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस स्कॉलरशिप मिळाली तर महिन्याला १४०० युरो आणि फीची काळजी नाही, पण तिथं जगभरातली पोरं रांगेत असतात. दोन्हीकडं अर्ज करायचा, एकावर जीव टांगून ठेवायचा नाही.

वडील एकदाच आले. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी हातात. पोरगी बाहेर होती. मी मागांचा विषय काढला तर म्हणाले, "मॅडम, ते माग हिच्यासाठी कुठं इकले? साधे माग, त्यांना काम कुठं ऱ्हायलं होतं? रेपियरचे नवे माग आल्यापासनं मोडीतच जाणार होते. चांगला भाव आला, दिले." मी म्हटलं हे तिला सांगा. "सांगितलं न्हाई का कधी? मला वाटलं तिला ठावंय." ते खरं होतं का लेकीचं ओझं उतरवायला म्हणाले, मला आजही माहीत नाही. मी खोदून विचारलं नाही.

आता दुसऱ्या शीटचं. ५० धंद्यांत अगरबत्ती, मेणबत्ती, द्रोण-पत्रावळी, सगळं होतं. अर्ध्या जाहिराती मशीन विकणाऱ्यांच्या, "मशीन घ्या, माल आम्हीच परत घेऊ". यात किती लोक बुडालेत ते माझ्याकडे येऊन रडलेत म्हणून मला ठाऊक आहे. मशीन विकलं की त्याचा धंदा झाला, तुमचा सुरूच झाला नाही.

मी विचारलं, तुमच्या घरी दरवर्षी असं काय बनतं जे नातेवाईक मागून नेतात? ती म्हणाली, "चटणी. पण ती आत्या करते." कांदा-लसूण चटणी हो, दुसरं काय. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. पण चटणीचा धंदा तिला ‘नाहीच जमलं तर’च्या खान्यात टाकायचा होता. मी म्हटलं त्या खान्यातून बाहेर काढ. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची फीच तेव्हा सतरा-अठरा हजार होती, ती कोण भरणार? धंदा हा स्कॉलरशिपला पर्याय नाही, स्कॉलरशिपच्या फॉर्मपर्यंत पोचायचं तिकीट आहे.

मार्चमध्ये हिशेब घेऊन आली, किलोला खर्च ३१० रुपये. मला शंका आली. "डेठ काढून मिरची तोललीस का आधी?" नव्हती तोलली. डेठ गेले, उन्हात तूट आली, डंकावर कुटायची मजुरी, पाकिटं, गॅस, आणि सगळ्यात मोठी गोष्ट आत्याची मजुरी तिनं धरलीच नव्हती, घरचीच आहे म्हणून. परत मांडलं तर ४२० निघाला. आत्याला पैसे द्यायचे म्हटल्यावर आत्या आधी रागावली, मग घेतले.

पहिला घाणा अठरा किलो, साडेसात हजार रुपये, स्वतःच्या पगारातले. मुद्रा शिशूमध्ये ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत तेव्हा ३५ टक्के सबसिडी होती, सगळं खरं, पण ते दुसऱ्या वर्षीचं. पहिला घाणा कर्जाचा नको आणि सबसिडीसाठी तर धंदा अजिबात नको. फूड लायसन्सचं साधं रजिस्ट्रेशन मात्र आधी करायला लावलं, तेव्हा वर्षाला १०० रुपये होते, १४ आकडी नंबर पाकिटावर आला की दुकानदाराची बोलायची भाषा बदलते. लघुउद्योगांसाठीची उद्यमची नोंदणी तर फुकटच आहे. उधारी फक्त मावशीला, तीही एकदा.

६०० रुपये किलोनं जूनपर्यंत शंभर किलो गेली. म्हणजे हातात अठरा हजार. जुलैत तिनं आयईएल्ट्सची फी भरली, आणि पावतीचा फोटो मला पाठवला तो मी अजून ठेवलाय. मला याचा अभिमान वाटतो, वाटू द्या. हिवाळ्यात फॉर्म गेले, आणि ‘तुम्ही का’ या प्रश्नाच्या उत्तरात तिनं डेठाची तूट लिहिली होती, लहान उद्योगात कच्च्या मालाचा हिशेब कसा चुकतो याच्यावर दीड पान. मी एक शब्द बदलायला सांगितला नाही.

एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला मेसेज आला. "मॅडम, इरॅस्मस नाही आलं. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर आलंय, आता राज्याचा फॉर्म निघायची वाट बघतेय. टाटाचा गेलाय. होहेनहाइमचं अजून कळायचंय." मी उत्तर टाइप करत होते तेवढ्यात खाली दुसरा मेसेज. "पण मेन प्रॉब्लेम वेगळाच आहे, ब्याडगी महाग झालीय, भाव वाढवू का पाकीट लहान करू?"

मिरचीतलं मला काय कळतंय. आत्याला विचार म्हटलं.