व्हर्नियर एकदा टायरलाही लाव

बाळ,

काल सेकंड शिफ्ट सुटल्यावर शेडमध्ये तुझी गाडी बघितली. चार पोरं सोबत होती म्हणून तिथं काही बोललो नाही. मशीनवर चूक झाली तर मी सगळ्यांसमोर बोलतो, कारण ती सगळ्यांनी शिकायची असते. हे तुझ्या एकट्याचं आहे म्हणून लिहून देतो. घरी जाऊन निवांत वाच.

मागचा टायर बदललास म्हणून तू खुशीत होतास. "मामा, सातशेत बसवून दिला, नवीनला अडीच हजार सांगत होता." या पगाराला पुढचाही तिथनंच घेणार म्हणालास. तो घेऊ नकोस. आणि मागचा बसवलायस तोही काढ.

मी टायरवरनं हात फिरवत होतो तेव्हा तू म्हणालास, "कट चांगले आहेत की." कट दिसत होते, खरं आहे. पण बोट घालून बघ. खाचेचा तळ खरखरीत लागतो, कडा कुरतडल्यासारख्या लागतात. कंपनीच्या साच्यातनं निघालेली खाच अशी नसते. तिचा तळ गुळगुळीत असतो आणि ठरावीक अंतरावर खाचेत एक बारीक आडवा उंचवटा असतो. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याला भिडला की त्याचं आयुष्य संपलं, हे कळावं म्हणून तो ठेवलेला असतो. टायरच्या बगलेवर त्याच्या सरळ रेषेत छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. तुझ्या टायरवर त्रिकोण सापडला, पण त्याच्या वर खाचेत उंचवटा नाही. कोरून काढलाय. गोटा झालेला टायर तापवलेल्या पात्यानं कोरायचा, वरनं काळं मारायचं, की नवा दिसतो. खाच खोल झाली म्हणून रबर वाढत नाही बाळ, जे राहिलेलं असतं तेही कमी होतं. खाली नायलॉनच्या धाग्यांचे थर आहेत, आणि त्यांच्यावर आता पापुद्र्याएवढं रबर उरलंय.

मला हे कसं ठाऊक, ते तुला कधी सांगितलं नाही.

१९९७ सालची गोष्ट. माझ्याकडं जुनी सीडी हंड्रेड मोटारसायकल होती आणि मागं असाच घेतलेला टायर. उन्हाळाभर फिरवला, काही त्रास नाही. मिरगाचा पाऊस नुकताच लागला होता. धाकट्या भावाला मागं बसवून कणकुंबीला पाहुण्यांकडं निघालो होतो. कुसमळीचा जुना पूल ओलांडला, पुढं वळणावर शेतातनं वाहून आलेली तांबडी माती रस्त्यावर पसरलेली. वेग पस्तीस-चाळीसच्या वर नव्हता. समोर दोन म्हशी आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला. मागचं चाक कुठं गेलं ते कळलंच नाही. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि भावाचा पाय सायलेन्सरखाली सापडला. घोटा मोडला आणि वर भाजलंही.

त्याला जीपमध्ये घालून पाठवलं आणि गाडी उचलायला मी मागं थांबलो. तेव्हा तो टायर मी पहिल्यांदा नीट बघितला. पावसानं काळा रंग धुऊन गेला होता. कोरलेल्या एका खाचेत पांढरे धागे उघडे पडलेले, शिवण उसवलेल्या पोत्यासारखे. चार महिने त्या धाग्यांवर दोन माणसं बसून फिरत होती.

भाऊ त्या वर्षी तालमीत होता, गावच्या जत्रेत कुस्ती मारून आलेला. परत आखाड्यात उतरला नाही. आजही लावणीच्या वेळी चिखलात फार वेळ वाकता येत नाही, बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढं करतो. इतक्या वर्षांत त्यानं मला एका शब्दानं बोल लावलेला नाही. टायर विकणाऱ्याला बोलून काय करू? पैसे वाचले म्हणून खूश होऊन गाडी मीच बाहेर काढली होती.

तुला वाटेल, महिनाभर चालवतोय, घसरली नाही कधी. तिथंच माणूस फसतो. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरसुद्धा चांगली पकड देतो, कारण कोरड्या रस्त्यावर खाचांचं फारसं काम नसतं. त्यांचं काम पाण्याचं. टायर रस्त्याला टेकतो ती जागा अर्ध्या तळहाताएवढी. तेवढ्या जागेखालचं पाणी खाचांतनं बाजूला निघून गेलं तर रबर डांबराला लागतं, नाहीतर मध्ये पाण्याचा थर राहतो आणि चाक त्याच्यावरनं सरकतं. पहिला पाऊस त्यात सगळ्यात वाईट. वर्षभराचं सांडलेलं ऑईल, धूळ आणि आपल्याकडची तांबडी माती भिजून साबणासारखी होते. जोराचा पाऊस दोन दिवस पडून गेला की रस्ता उलट बरा होतो. म्हणजे शिमग्याला घेतलेला टायर मिरगापर्यंत खोटं बोलत राहतो.

आणि पाऊस संपला म्हणून सुटका नाही. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. शेतातनं बाहेर पडताना ट्रॉलीची चाकं चिखल रस्त्यावर आणून सोडतात, पाला पडतो, त्यावर रात्रीचं दव. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडची पोरं तर चार-पाच महिने त्यातनंच जातात. तू रात्री साडेअकराला सुटतोस. पिरनवाडीपासनं किणये, जांबोटीकडं त्या वेळी रस्त्यावर कोण असतं? पडलास तर उचलायला पहाटेचा दूधवालाच.

आता व्हर्नियरचं, तुझ्या त्या मोजायच्या हत्याराचं. मशीनवर काढलेला जॉब दोन शतांश मिलीमीटर इकडं तिकडं झाला तर तुझा चेहरा उतरतो, हे मी तीन वर्षं बघतोय. ०.०२ मिलीमीटर वाचणारं ते हत्यार खिशात घेऊन तू ज्या टायरवर घरी जातोस, त्याची खोली कधी मोजली नाहीस. व्हर्नियरच्या मागनं खोली मोजायचा डेप्थ रॉड निघतो ना, तो खाचेत घाल. मधली खाच, डावी, उजवी, आणि चाक फिरवून तीन-चार ठिकाणी. उंचवट्यावर मोजू नकोस. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९४ व्या नियमाप्रमाणं दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलीमीटरपेक्षा उथळ चालत नाही. ही कायद्याची शेवटची हद्द. आपल्या पावसाला ती पुरत नाही असं माझं मत आहे. मे महिन्यात मोजून दोनच्या खाली आला तर मी टायर बदलतो, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. कोरलेल्या टायरला मात्र मोजून उपयोग नाही, तिथं रॉड खोल जाईल आणि आकडा चांगला दाखवेल. म्हणून आधी बोट, मग व्हर्नियर.

दुसरं, वय. टायरच्या बगलेवर लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तुझ्या टायरवर मोबाईलच्या उजेडात मी ३११४ वाचलं. म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. तेव्हा तू प्राथमिक शाळेत असशील. रबर नुसतं पडून राहिलं तरी ऊन-वाऱ्यानं कडक होत जातं. नख रुतवून बघ. ताजं रबर थोडं दबतं आणि परत येतं, तुझ्या टायरवर नख घसरतं. बगलेला वाकवलं की केसाएवढ्या भेगा दिसतात, त्या याच्याच. असा टायर झिजत नाही म्हणून लोक कौतुक करतात. झिजत नाही कारण तो रस्त्याला धरतच नाही.

आणि जे बाहेरनं दिसतच नाही त्याचं काय? आधीच्या मालकानं हवा कमी ठेवून मैलोन् मैल पळवला असेल, तर बगल सारखी वाकून आत तापते आणि धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. रिमवरनं काढल्यावर आत काळी भुकटी आणि बगलेला घासल्याचा पट्टा दिसतो, पण दुकानात आतनं दाखवतो कोण? अपघातातल्या गाडीचा असेल तर खड्ड्यात आदळून आतले धागे तुटलेले असू शकतात, वर काही नाही, आणि एके दिवशी उन्हात, दोघं बसून, वंटमुरीचा घाट चढताना बगलेला लिंबाएवढा फुगा येतो. दुकानदार तुला कानडीत म्हणाला असेल, "छलो ऐती, तगोरी," चांगला आहे, घ्या. त्याला तरी काय ठाऊक? त्याच्याकडंही तो ढिगातनंच आला.

सेकंड हँड गाडी घेतलीस तेव्हा मी तुला अडवलं नाही, उलट सोबत येऊन इंजिन ऐकलं. वापरलेल्या सगळ्याच वस्तू वाईट असं मी म्हणत नाही. ओळखीच्या माणसानं सहा महिन्यांत गाडी विकली, टायर आपल्या डोळ्यांसमोर निघाला, तारीख ताजी, आतनं स्वच्छ, तर मागच्या चाकाला घ्यावा. पुढच्या चाकाला कधीच नाही. मागचं चाक सरकलं तर कधीकधी सावरायला क्षणभर मिळतो. पुढचं सरकलं की हँडल हातात राहत नाही, माणूस जमिनीवर आणि मगच त्याला कळतं. ब्रेक मारल्यावर वजनही बरंचसं पुढंच येतं. तुझी गाडी २०१६ ची, ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस तिला नाही. १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासनं सक्तीचं झालं. असतं तरी फार भरवसा ठेवू नको म्हणालो असतो. चाक जाम झालं नाही तरी पकड टायरचीच लागते.

जरा हिशोब करू. तुझं जाणं-येणं पन्नास किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे तेराशे. हवा नीट ठेवलीस तर नवीन टायर वीस-पंचवीस हजार सहज जातो, म्हणजे दीड वर्ष धर. अडीच हजार भागिले अठरा, महिन्याला दीडशेही होत नाहीत. सातशेचा हा टायर पहिल्या पावसाला काढावा लागेल, मग पुन्हा सातशे. भावाच्या घोट्याला तेव्हा काय खर्च आला ते आबांनी भाताचं खाचर गहाण ठेवून भागवलं होतं.

नवीन घेतानाही डोळे उघडे ठेव. तिथंही चार आकडे वाच, दोन-तीन वर्षं पडून असलेला माल देत असतील तर दुसरा मागून घे. मागच्याचं माप तुझ्या गाडीचं जे आहे तेच, १००/९०-१७. शंभर म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, नव्वद म्हणजे उंची रुंदीच्या नव्वद टक्के, सतरा म्हणजे रिम इंचात. रुंद टायर घालून गाडी भारी दिसते असं तू मागं म्हणाला होतास. तो साखळीला घासतो आणि त्या रिमवर बसल्यावर त्याचा आकार बिघडतो, वळणावर गाडी नीट झुकत नाही. बगलेवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का ते बसवणाऱ्याला विचारू नकोस, स्वतः बघ. व्हॉल्व्ह नवीन टाकून घे, पन्नास रुपयांसाठी जुना ठेवू नकोस. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, साच्यातनं निघालेल्या रबरावरचा गुळगुळीतपणा तेवढ्यात जातो. हवा सकाळी टायर थंड असताना बघायची, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे. आईला मागं बसवून बाजाराला नेतोस तेव्हा मागच्या चाकात जास्त लागते, तेही तिथंच लिहिलंय.

पैशाची काळजी करू नकोस. माझी भिशी या महिन्यात लागली आहे. दोन्ही टायर घेऊ, तू पगारातनं महिन्याला पाचशे देत जा. पुढचा अजून दोन मिलीमीटरच्या वर असेल तर मोजून ठरवू, उगाच खर्च नको.

रविवारी घरी ये, पण गाडीवर नाही. मागचं चाक शेजारच्या पोराच्या मदतीनं काढ, पोत्यात घाल आणि बसनं घेऊन ये. उद्यापासनं शनिवारपर्यंत कामालाही बसनंच यायचं. रात्री परत जायला कोण मिळालं नाही तर माझ्याकडं झोप, तुझ्या आईला मी फोन करतो.

तो काढलेला टायर दुकानात परत द्यायचा नाही, भंगारवाल्यालाही नाही. दिलास तर परत काळं मारून कुणाच्या तरी पोराच्या गाडीला लागेल. तो आपण अंगणात बसून कापायचा. कडेच्या पोलादी तारेपाशी जरा वेळ लागतो. हॅक्सॉला नवीन पातं घालून ठेवतो.

तुझा,
मामा