संगीतकार हिरो आणि अचानक पदरात पडलेलं बाळ: अशा रोमान्स ऑडिओबुकमध्ये दोन आवाज का असतात?

कारण ही कथा बहुतेक वेळा हिरो आणि हिरोइन दोघांच्या तोंडून, प्रथमपुरुषी सांगितलेली असते. एक प्रकरण त्याचं, एक तिचं. पण घेण्याआधी एक गोष्ट तपासा: निवेदन 'ड्युअल' आहे की 'ड्युएट'. 'ड्युअल' म्हणजे प्रकरणं वाटून घेतलेली. त्याच्या प्रकरणात तिचे संवादही पुरुष निवेदकच म्हणतो, आवाज जरा बारीक करून. 'ड्युएट'मध्ये प्रकरण कुणाचंही असो, तिचं वाक्य तीच बोलते. मला ड्युएटच आवडतं. रात्री अडीचला बाळ रडतंय आणि हा गिटारवाला डायपर उलटा बांधतोय, अशा प्रसंगातलं भांडण एकाच गळ्यातून ऐकायला विचित्र वाटतं. अर्थात ड्युएटचं संकलन किचकट, दोघांची ध्वनिमुद्रणं वाक्यागणिक जोडावी लागतात, म्हणून ती कमी सापडतात.

हिरो संगीतकार, म्हणजे पुस्तकात गाणी आलीच. खऱ्या गाण्याच्या ओळी छापायच्या तर सहसा हक्कधारकाची परवानगी लागते, म्हणून लेखिका हिरोची गाणी स्वतःच रचतात. निवेदक ती बहुधा वाचतो, गात नाही. तेव्हा मैफलीची अपेक्षा नको.

लांबी? तासाला साधारण ९,००० शब्द धरा. ९०,००० शब्दांची कादंबरी दहा तास खाते. वेग १.२५ केला तर आठ. नमुना मात्र आधी ऐकाच, आणि शक्यतो बाळ असलेला प्रसंग. निवेदक तान्ह्याचा आवाज काढायला लागला की मी तरी पुस्तक परत करते.