आधी अपलोड बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मीटिंगमध्ये आवाज तुटतो, फाइल चढता चढत नाही, आणि या भागात इंटरनेटची दुसरी लाइनच पोचत नाही, असं तू लिहिलंयस. गाव सोडून परत शहरात जावं का, असंही विचारलंयस. एवढ्यात तो विचार करू नकोस. मंद लाइनवर चांगलं काम होतं. फक्त कोणतं उपकरण कधी काय पाठवतंय याकडे शहरात कुणी बघत नाही, इथं ते बघावं लागतं.

आधी नक्की कुठं अडतंय ते शोध. घरातली बाकी सगळी उपकरणं बंद कर, लॅपटॉप राउटरला केबलने जोड आणि स्पीड टेस्ट घे. सकाळी, भर दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला. मग तीच टेस्ट वायफायवर, तू रोज जिथं बसतेस तिथून. केबलवर १० एमबीपीएस आणि वायफायवर ३ असं आलं तर लाइनला बोल लावू नकोस, तुझ्या भिंती वेग खातायत. जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारसा जात नाही, २.४ गिगाहर्ट्झचा त्यामानाने आत पोचतो. सगळ्यात बरं म्हणजे टेबलापर्यंत वायरच ओढून घे. इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत खुशाल चालते. दिवसा ठीक आणि रात्री कोसळते, असं असेल तर ती परिसरातली गर्दी. तिथं वेळ बदलण्यापलीकडे तुझ्या हातात काही नाही.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून डीएसएल येत असेल तर एक्सचेंजपासूनचं अंतर वाढेल तसा वेग घटतो, चार-पाच किलोमीटरनंतर फारसा उरतच नाही. ते मान्य करावं लागतं. पण पाऊस आला की लाइन तुटते, फोनमध्ये खरखर ऐकू येते, हे अंतरामुळे होत नाही. बहुधा तारेच्या एखाद्या सांध्यात पाणी शिरत असतं. ती तक्रार कर, आणि दुरुस्त होईपर्यंत पाठ सोडू नकोस.

आता मुख्य गोष्ट. सगळे डाउनलोडचा आकडा बघतात, मी तुला अपलोडचा बघायला सांगते. तांब्याच्या तारेवरची घरगुती लाइन बहुतेकदा एकतर्फी असते: येण्याची बाजू ८-१०, जाण्याची जेमतेम १ एमबीपीएस. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे फोनमधला ४ एमबीचा एक फोटो या लाइनवरून जायला ३२ सेकंद लागतात. कुठंतरी फिरून आलीस, दोनशे फोटो काढलेस आणि घरात पाऊल टाकताच फोनने आपण होऊन बॅकअप सुरू केला, की जवळजवळ पावणेदोन तास तुझी जाण्याची वाट पूर्ण भरलेली. आणि जाण्याची वाट भरली की येण्याचीही अडते, कारण जे जे डाउनलोड होतं त्याची पोच उलट दिशेने पाठवावी लागते. ती पोच फोटोंच्या मागे रांगेत उभी राहते. तू म्हणतेस नेट बंद पडलं. प्रत्यक्षात नेट चालू असतं, तुझ्या मीटिंगचा नंबरच येत नसतो.

त्यात राउटर आणि मोडेम भलीमोठी रांग साठवून ठेवतात. पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टाकून देण्याऐवजी ती थांबवून धरतात, आणि एरवी ३० मिलिसेकंद असलेला पिंग, म्हणजे एक संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, एक-दोन सेकंदांवर जातो. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणक अभियंत्यांनी २०१०-११ मध्ये हा प्रश्न सगळ्यांसमोर लावून धरला. तुला घरच्या घरी तपासता येईल: एका खिडकीत पिंग चालू ठेव, दुसरीकडे एक मोठी फाइल अपलोडला लाव आणि पिंगचा आकडा बघत राहा. तो चढत चढत हजाराच्या पुढे गेला तर तुझं निम्म्याहून अधिक दुखणं तिथंच सापडलं असं समज.

यावर चांगला उपाय आहे. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर ती चालू कर आणि मोजलेल्या वेगाच्या साधारण ८५ ते ९० टक्के मर्यादा घाल, दोन्ही दिशांना. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ही सोय बसवता येते. वेग थोडा जातो, पण रांग राउटरच्या ताब्यात येते आणि तो मीटिंगचं छोटं पाकीट फोटोंच्या आधी सोडतो. आधीच मंद असलेली लाइन आणखी कमी करायची, हे ऐकायला विचित्र वाटेल. तरी करून बघ. सोय नसेल तर क्लाउडच्या ॲपमध्ये अपलोडची मर्यादा लाव, आणि फोटोंचा बॅकअप फक्त रात्री, फोन चार्जिंगला असताना होऊ दे.

मोबाइल नेटवर्क वापरणार असशील तर फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नकोस. फोर-जी राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद सांगणारा उणे आकडा दिसतो. उणे ८० छान, उणे ११० म्हणजे रडतखडत. राउटर हातात घेऊन वरच्या मजल्याच्या खिडक्यांशी उभी राहा, वीतभर सरकव, थोडा वळव, आकडा स्थिर होईपर्यंत थांब. उणे ११० चा उणे १०० झाला तर सिग्नलची ताकद दहापट वाढलेली असते. हे सगळं करून भागलं नाही तरच छतावर टॉवरच्या दिशेने अँटेना बसवायचा खर्च कर.

उपग्रहाचं कनेक्शन घ्यायचं असेल तर तो कोणत्या उंचीवर आहे ते आधी विचार. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. सिग्नलला जाऊन यायलाच अर्धा सेकंद लागतो, कितीही पैसे मोजलेस तरी. बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. साधारण ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांना ही अडचण नाही, मात्र त्यांना मोकळं आभाळ लागतं, झाडं आड आली की तुटतं.

कामाच्या सवयींचं थोडक्यात सांगते. जे वाट बघू शकतं ते रात्री कर: सिस्टीम अपडेट, मोठी डाउनलोड. विंडोजमध्ये कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेव, म्हणजे दिवसा ते गुपचूप काही ओढणार नाही. मेल ब्राउझरमध्ये न उघडता मेलच्या प्रोग्राममध्ये उतरवून घे. सर्व्हरवर फाइली पाठवताना आरसिंक हा प्रोग्राम वापर. ते फक्त बदललेला भाग पाठवतं. गिटवरून, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावरून, मोठा प्रकल्प घेताना सगळा इतिहास न ओढता वरचा थर तेवढा घे. संदर्भासाठी सारखं विकिपीडियावर जातेस ना? किविक्स या मोफत ॲपने तो अख्खा उतरवून ठेवता येतो, मराठीसुद्धा. आणि पहिला मोठा बॅकअप लाइनवरून करायचा हट्ट धरू नकोस, हार्डडिस्कवर भरून पाठव.

मीटिंगमध्ये आपला कॅमेरा बंद करतेस, तसा इतरांचा व्हिडिओही बंद कर. बरेचजण हे विसरतात. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा भागसुद्धा लागत नाही, व्हिडिओला त्याच्या दहापट आणि वर लागतात. ज्यांच्या हाताखाली काम करतेस त्यांना हे आत्ताच, मोजलेल्या आकड्यांसकट, लिहून कळव: माझा कॅमेरा बंद असेल, कागदपत्रं आदल्या दिवशी मिळाली तर बरं, आवाज गेलाच तर मी फोनवरून जोडली जाईन. आधी सांगितलं की ती कामाची पद्धत ठरते. मीटिंग तुटल्यावर सांगितलं तर सबब वाटते, आणि तुझ्यासारख्या मनापासून काम करणाऱ्या मुलीकडे कुणी तशा नजरेनं बघावं हे मला सहन होणार नाही.

पिंगची ती तपासणी या आठवड्यात कर आणि राउटरचं मॉडेल मला कळव. त्यात एसक्यूएम बसतं का ते मी बघून सांगते.

कळावे.