वाचकांचे प्रश्न : क्विनलनचे चुकले कुठे?

प्रश्न : ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटात पोलीस अधिकारी क्विनलन ज्या सांचेझला खोटा पुरावा पेरून अडकवतो, तोच अखेरीस बॉम्बस्फोटाची कबुली देतो. मग क्विनलन बरोबरच ठरत नाही का?

उत्तर : सांचेझची कबुली आपण पाहत नाही, ती शेवटी दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि कोठडीतल्या कबुलीवर विश्वास किती ठेवावा, हे वेल्स सांगत नाही. सांचेझच्या घरातले बुटांचे खोके मात्र आपण पाहिलेले असते. न्हाणीघरात मेक्सिकन अधिकारी व्हार्गास याच्या धक्क्याने ते पडते तेव्हा रिकामे असते, आणि थोड्याच वेळात त्यातून डायनामाइटच्या कांड्या निघतात. पत्नीचा मारेकरी सुटल्याचे क्विनलनचे दुःख खरे आहे; परंतु पुरावा पेरण्याची सवय जडलेला हाच माणूस पुढे ग्रँडी या स्थानिक गुंडाचा गळा आवळतो आणि तो खून व्हार्गासच्या निरपराध पत्नीच्या माथी मारू पाहतो. त्याचा निष्ठावान सहकारी मेन्झीस, ज्याने त्या कांड्या ‘शोधून’ काढल्या होत्या, तोच अंगावर मायक्रोफोन लपवून त्याला बोलते करायला जातो. तो प्रसंग आपण अवश्य पुन्हा पाहावा. मेन्झीसच्या चेहऱ्यावरची वेदना माझ्या मते या चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.